ती उघाडीतून घरी गेली

मी, कु. लतिका दामोदर गुप्ते, वय वर्षे बाहत्तर, सेवानिवृत्त शिक्षिका, राहणार रामवाडी, पेण, जिल्हा रायगड, हे मृत्युपत्र माझ्या स्वतःच्या हस्ताक्षरात, माझ्याच जेवणाच्या टेबलावर, सकाळचा चहा झाल्यावर लिहीत आहे. 'कु.' हे अक्षर वकिलांनी कच्च्या मसुद्यात खोडलं होतं, ते मी परत लिहिलं आहे. माझी बुद्धी शाबूत असून तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. डॉक्टरांनी मला शंभरातून सात-सात वजा करायला सांगितलं. मी उणे संख्यांपर्यंत पोचल्यावर त्यांनीच थांबवलं. हे मृत्युपत्र मी कोणाच्याही दबावाखाली करत नाही. दबाव आणायला घरात दुसरं कोणी नाही.

नव्या वर्षात माझ्या हृदयाची एक झडप बदलायची आहे. डॉक्टर म्हणतात, काळजीचं कारण नाही. पण ते बोलताना माझ्याकडे न बघता कागदाकडे बघतात, म्हणून हे लिहायला घेतलं.

अॅड. अमोल वैद्य यांनी मला दोन पानांचा छापील नमुना दिला होता. तो वाचून मेलेली बाई कोण होती हे कळत नाही. म्हणून मी माझ्या पद्धतीने लिहिते. कायद्याला लागणारं त्यांनी उचलावं, बाकीचं ध्रुवने वाचावं.

कलम १. वारस. माझे आईवडील हयात नाहीत. एकुलता एक भाऊ कमळाकर सहा वर्षांपूर्वी रोह्यात वारला, वहिनी त्याच्या आधीच गेली. त्यांचा मुलगा ध्रुव, वय पस्तीस, राहणार मुंबई, हा माझा एकमेव जवळचा नातेवाईक आहे. तो एका स्टुडिओत कॉम्प्युटरवर सिनेमातली अजस्र जनावरं तयार करतो. खवले, पापण्या, जनावर पाण्यातून वर आल्यावर अंगावरून ओघळणारं पाणी, हे सगळं त्याच्या हातचं. या कलमात त्याचा धंदा लिहायची गरज नव्हती असं वकील म्हणतील. पुढे कळेल.

कलम २. घर. रामवाडीतलं हे घर, खाली दोन खोल्या, वर एक आणि गच्ची, मी माझ्या पगारातून बांधलं. त्यात गुप्त्यांच्या जमिनीचा एक पैसा नाही. ते माझ्या हयातीनंतर पूर्णपणे ध्रुवच्या मालकीचं होईल. अट काही नाही. त्याने राहावं, विकावं, भाड्याने द्यावं. शेजारी श्री. दत्तात्रेय म्हात्रे यांच्या गच्चीचं पाणी पावसाळ्यात माझ्या भिंतीवर पडतं, एवढं मात्र त्याने घेताना लक्षात ठेवावं. सदर म्हात्रे हे या मृत्युपत्राचे साक्षीदार आहेत, तेव्हा त्या पाण्यालाही साक्षीदार मिळाला.

कलम ३. बाकी चीजवस्तू. बँकेतल्या ठेवी ध्रुवच्या. आईच्या पाटल्या ध्रुवचं लग्न झालं तर त्याच्या बायकोच्या, नाही झालं तर त्याच्याच. लग्न केलं नाही म्हणून माणसाचं सोनं काढून घ्यावं असं मला वाटत नाही. पुस्तकं मी शिकवत होते त्या शाळेला. तांब्याचं घंगाळ आणि मोठा पाटा-वरवंटा स्पृहा कर्णिक हिला. ती माझी विद्यार्थिनी, आता स्वतः शिक्षिका आहे, आणि माझ्याकडे आली की त्या पाट्याकडे अशी बघते की मला न देऊन चालणार नाही.

गणेशोत्सव मंडळाला या मिळकतीतून काही देऊ नये. पूर्वी मंडळाच्या चलत् देखाव्यामागे टेपवर गोष्ट वाजायची आणि ती कितीदा तरी माझ्या आवाजात असायची. आता राक्षस दुप्पट उंच झाला, तोंडातून धूर येतो, डोळे फिरतात, आणि गोष्टीच्या जागी डीजे लागतो. गेल्या वर्षी मी रांगेत उभी राहून तो राक्षस पाहिला. पुढच्या बाईच्या लेकीने विचारलं, हा कोणाला मारतो? आईला सांगता आलं नाही. मलाही नाही.

कलम ४. जुनी तक्रार. माझा भाऊ कमळाकर याच्याबद्दल माझ्या मनात जो राग आहे, तो मी कोणालाही देत नाही. तो माझ्याबरोबर जाईल. मात्र तो कशाचा होता हे ध्रुवला कळावं, कारण त्याच्या आईवडिलांनी त्याला "आत्याचा स्वभाव" एवढंच सांगितलं असणार.

व्हिडिओचे दिवस आले तेव्हा कमळाकरने रोह्यात आमच्या रिकाम्या पडलेल्या भाताच्या वखारीत व्हिडिओ सेंटर काढलं. खाली सतरंज्या, पुढे टेबलावर रंगीत टीव्ही, त्याखाली व्हीसीआर. गिऱ्हाईक म्हणजे धाटावच्या कंपन्यांमधले कामगार. शिफ्ट सुटली की बसने किंवा स्कूटरवर डबलसीट येऊन बसत. कमळाकरला कोणीतरी बोटीवरचा खलाशी परदेशी कॅसेट आणून देई. त्यांत अजस्र जनावरांचे सिनेमे फार. समुद्रातून जनावर येतं, शहर तुडवतं, रणगाडे त्याच्यावर गोळे टाकतात. इंग्रजी असते तर मी भाषांतर केलं असतं. पण ही भाषा कोणती, तेही आम्हाला ठाऊक नव्हतं.

मी तेव्हा रोह्याच्याच शाळेत होते. एकदा सहज गेले, तर लोक कंटाळून विड्या ओढत होते आणि एकमेकांना विचारत होते, हे दोघं कोण, ही बाई का रडते. मी म्हटलं, मी सांगते. कमळाकरने सत्यनारायणाच्या पूजेला भाड्याने देत असलेला माइक माझ्या हातात दिला. टीव्हीशेजारी स्टूल ठेवलं. त्या स्टुलावर मी पाच वर्षं बसले.

आमची पद्धत अशी होती. जनावर पडद्यावर असेपर्यंत मी गप्प. माणसं बोलायला लागली की कमळाकर बटण दाबून कॅसेट पुढे पळवायचा. ती मुंग्यांसारखी धावायची, तोंडं फडफडायची, आणि तेवढ्या वेळात मी ती काय बोलली ते सांगून टाकायची. मध्येच दुसरी बस आली की दारातून तीस-चाळीस माणसं आत यायची आणि सतरंजीवर जागा करत विचारायची, काय झालं आतापर्यंत? मग समोर चाललेल्या हाणामारीवरच मी गोष्ट पहिल्यापासून सांगायची. पडद्यावर पूल पडतोय आणि मी सांगतेय की एक आटपाट समुद्र होता. आधी आलेले लोकसुद्धा ती दुसऱ्यांदा ऐकायचे. कोणी कुरकुर केल्याचं मला आठवत नाही.

खरी गोष्ट मला कळायची नाही, म्हणून मी माझी रचली. एका सिनेमाची तर अशी रचली की पुढे तो दर आठवड्याला लावावा लागला. त्या गोष्टीचं वेगळं कलम आहे.

कमळाकरला हे सगळं आधी गमतीचं वाटलं, मग अडचणीचं. तो म्हणायचा, "लते, लोक जनावर बघायला येतात, तुझं प्रवचन ऐकायला नाही." आमचं यावर जेवताना, दळण आणताना, आईच्या दिवसांच्या वेळीसुद्धा भांडण झालं. आणि मी एक कबूल करते, जे त्याच्यासमोर कधी केलं नाही. त्या जनावराचा पाय पहिल्यांदा पडद्यावर आला तेव्हा पुढच्या रांगेतल्या माणसांनी आपले पाय पोटाशी घेतले होते. सगळ्यांनी, एकदम. माझ्या कुठल्याही वाक्याने आजवर कोणी पाय पोटाशी घेतले नाहीत. मोठं ते मोठंच असतं आणि ते बघायला माणूस चालत येतो, यात त्याचं चुकलं नव्हतं.

त्याचं चुकलं ते पुढे. त्याने दुसरा व्हीसीआर आणला आणि सहा-सात सिनेमांमधल्या फक्त मारामाऱ्या एका कॅसेटवर उतरवल्या. जनावर, जनावर, आग, जनावर. त्या शनिवारी मी गेले तर स्टूल नव्हतं. म्हणाला, आता बोलायला मध्ये जागाच उरली नाही, तू घरी जा, दमली असशील. ती कॅसेट आपटली असं लिहायला मला फार आवडलं असतं, पण खोटं कशाला लिहू. तुफान चालली. केबल येईपर्यंत चालली.

मी त्याच वर्षी बदली मागून पेणला आले. रोहा काही परदेश नाही, तासाभराचा रस्ता आहे. तरी राखी मी पोस्टाने पाठवली, आणि ओवाळणी मनीऑर्डरने आली. एकमेकांच्या घरी आम्ही फारसे गेलो नाही. मे महिन्यात ध्रुव मात्र माझ्याकडे यायचा. त्याला त्या सिनेमाची माझी गोष्ट मी इथे गच्चीवर सांगितली, इतक्यांदा की त्याला पाठ झाली. पुढे तो मोठा झाला आणि मे महिने बंद झाले.

इथे पेणमध्ये मी चांगली शिक्षिका म्हणून ओळखली जाते. वर्गात पोरं ऐकतात, कारण त्यांना ऐकावं लागतं. वखारीतल्या माणसांना ऐकावं लागत नव्हतं. निवृत्त झाल्यावर तर दिवसभरात माझा आवाज कोणी ऐकतच नाही. दूधवाला पिशवी दाराला अडकवून जातो. गेल्या पावसाळ्यात मला चार दिवस ताप होता, उठल्यावर मी मोठ्याने बोलून बघितलं की आवाज आहे का. होता. हे दुःखाचं म्हणून लिहीत नाही. नाही, दुःखाचंच आहे. मृत्युपत्रात तरी लपवाछपवी कशाला.

कलम ५. गोष्ट. ही माझी सर्वांत मौल्यवान मिळकत असून ती आजवर कुठेही लिहिलेली नव्हती. ती पुढीलप्रमाणे.

ती खाडीत जन्मली. फार लहान होती तेव्हा भरतीच्या पाण्याबरोबर समुद्रात गेली आणि तिथे वाढत राहिली, इतकी की समुद्रात तिच्याजवळ दुसरं कोणी येईना. म्हातारी झाल्यावर तिला वाटलं, आपण घरी जावं. ती परत आली तर खाडी नव्हती. माणसांनी बांध घालून तिथे जमीन केली होती, भात लावलं होतं, घरं, रस्ते, दिवे. आपलं घर यातच कुठेतरी खाली आहे एवढं तिला कळत होतं. ती ते शोधत हिंडली. ती कोणावर रागावली नव्हती. ती फक्त मोठी होती, म्हणून जिथे पाय टाकेल तिथे काहीतरी मोडत होतं. माणसांना वाटलं हल्ला झाला. त्यांनी तोफा लावल्या.

सिनेमाच्या शेवटी पडद्यावर काय दिसायचं ते सांगते. जनावर पेटतं, ओरडतं आणि पाण्यात बुडतं. वर बुडबुडे. समाप्त. मला ते बदलता येत नव्हतं, म्हणून मी म्हणायची, आणि अशा रीतीने ती गेली. कुठे गेली ते सांगायची नाही.

आता गोदूबाईंचं. काळुराम पाटील म्हणून धाटावला कंत्राटी कामावर असलेला माणूस होता, कुंडलिकेच्या खाडीकाठच्या गावचा. त्याला जनावरांची मारामारी इतकी आवडायची की तो बसल्या जागी ठोसे मारायचा. सुट्टीच्या दिवशी तो बायकोला, गोदूबाईला, घेऊन यायचा. सगळ्या वखारीत दोनच बायका, मी आणि ती. तिचं अर्धं आयुष्य मिठागरात गेलं होतं. मिठाच्या चकाकीने डोळे गेले असं ती सांगायची, डॉक्टर मोतीबिंदू म्हणायचे. कशानेही असो, तिला टीव्ही म्हणजे एक उजेड दिसायचा, बाकी काही नाही. म्हणून ती टीव्हीकडे पाठ करून, माझ्याकडे तोंड करून बसायची. नवरा पडद्याकडे, बायको माझ्याकडे, आणि मध्ये एक शेंगदाण्याची पुडी. मोठा आवाज झाला, लोक दचकले, की ती मान वर करून विचारायची, "काय झालं गो?"

पाच वर्षं मी खरं तर तिलाच गोष्ट सांगत होते. शेजारच्या माणसाने पाय पोटाशी घेतले ते तिला दिसत नव्हतं. तिला 'का' ते हवं असायचं.

शेवट आला की ती दर वेळी विचारायची, आज तरी जाईल का गो ती घरा? आणि दर वेळी मी म्हणायची, ती गेली. एका संध्याकाळी तिला ते पुरलं नाही. कुठे गेली, असं तिने स्पष्ट विचारलं. माझ्याआधी काळुरामच बोलला की मेली ती, दिसतंय ना समोर. पाचपंचवीस माणसांनी हो म्हटलं. गोदूबाई टीव्हीकडे न वळता म्हणाली, "मेली नाय. तिला उघाडी घावली."

उघाडी म्हणजे आमच्याकडे खाडीच्या बांधाला ठेवलेलं दार. ओहोटीला ते उघडतं आणि शेतातलं पाणी बाहेर जातं, भरतीला आपोआप मिटतं. उंची किती, तर माणूस वाकून जाईल एवढी. वखार हसायला लागली. काळुराम तर लोळला. एवढं मोठं जनावर उघाडीतून जाईल कसं, असं कोणीतरी विचारलं.

"घरा जाताना कोनपन बारीक व्हतंय गो," गोदूबाई म्हणाली. ती त्यांना नाही, मला सांगत होती.

कोणी हसलं नाही असं मी म्हणणार नाही, काहीजण हसलेच. पण पुढच्या आठवड्यापासून मी तोच शेवट सांगितला. बुडबुडे दिसायला लागले की मी म्हणायची, ती पाण्याखाली उतरली, तिला उघाडी सापडली, ती बारीक बारीक होत गेली आणि आत शिरली. आणि मग पुन्हा कोणी 'मेली' म्हणालं नाही. काळुरामसुद्धा नाही.

कलम ६. सदर गोष्टीचे हक्क. गेल्या वर्षी ध्रुव अचानक गाडी घेऊन माझ्या दारात आला. त्याच्या स्टुडिओला मराठीत अजस्र जनावराचा सिनेमा करायचा होता, आणि त्याने त्यांना माझी गोष्ट सांगितली होती. लहानपणी ऐकलेली. साहेबांना आवडली. त्याने लॅपटॉप उघडून मला एक तुकडा दाखवला. कुंडलिकेतून ती वर येते. धुकं आहे, बांधावर एक बाई कपडे धुते आहे, आणि मागे पाणी उंच होत जातं, होतच जातं. मग ती बांध मोडते. काय मोडते! मी या वयात खुर्चीवर पाय वर घेतले.

"का मोडते ती बांध?" मी विचारलं.

"आत्या, ते भारी दिसतं."

त्याचा बापच बोलल्यासारखं वाटलं, पण ध्रुव वाईट मुलगा नाही. त्याला 'का' ते माहीत आहे, कारण त्याला गोष्ट माहीत आहे. त्याच्या साहेबांना ते नको आहे. त्याने आणलेल्या कागदावर असं होतं की मी गोष्ट त्यांना द्यावी आणि त्यांनी तिच्यात वाटेल तो बदल करावा. शेवट त्यांनी आधीच बदलला होता. पुलाशी तिला मारतात. मी उघाडीचं विचारलं तर ध्रुव खाली बघत म्हणाला की शेवटी तिला लहान केलं तर लोक तिकिटाचे पैसे परत मागतील, साहेब म्हणतात आकार हीच आपली गोष्ट आहे. कागदावर माझी सही झाल्याशिवाय काम पुढे जात नाही, आणि या कामात ध्रुवला पहिल्यांदाच मोठी जागा मिळणार आहे. एवढं सगळं त्या कागदावर अवलंबून आहे.

मी म्हटलं, विचार करते, पुढच्या रविवारी ये.

तो आला. मी एक शंका काढली. त्याच्या पुढच्या रविवारी दुसरी. मग मला बांधाची उंची पटेना, मग जनावराचं चालणं पटेना, मग करारातलं तिसरं पान. दर रविवारी तो पनवेलवरून गाडी हाकत येत होता, माझ्या हातचं पोपटीच्या मसाल्याचं चिकन खात होता, जनावराच्या पापण्या मिटताना कशा दिसतात ते मला विचारत होता, आणि मी त्याला जागेवर डोळे मिटून दाखवत होते. इतकी वर्षं या घरात एवढं बोलणं झालं नव्हतं. शंका संपत आल्या तेव्हा मला कळलं की मला शंका नव्हत्याच. सही केली की तो येणार नाही. कायमची नाही म्हटलं तरी येणार नाही. आणि मला तो यायला हवा आहे.

म्हणून मी वेळ काढला. मुलाच्या नोकरीचा वेळ मी माझ्या रविवारांसाठी वापरला. हे बरोबर नाही.

दिवाळीनंतर मी रोह्याला गेले. गोदूबाईला विचारावं असं मनात होतं, शेवट तिचा आहे म्हणून. खाडीकाठच्या गावात घर सापडलं. काळुराम गेलेला, गोदूबाईही दोन वर्षांपूर्वी गेली. मुलगा प्रविण भेटला, आणि त्याची मुलगी भूमिका. ती धाटावच्या एका कंपनीच्या लॅबमध्ये आहे, सुट्टीवर होती. मी कोण हे मला नीट सांगता येईना. म्हटलं, तुमच्या आई मी सांगायचे ती एक गोष्ट ऐकायच्या. मोठ्या जनावराची.

भूमिका लगेच म्हणाली, "खाडीतली? जी उघाडीतून घरा गेली ती?"

तिला सबंध गोष्ट येत होती. फक्त तिच्या गोष्टीत व्हिडिओ सेंटर नव्हतं, टीव्ही नव्हता, परदेशी शहर नव्हतं. आजी सांगायची की ती आमच्याच खाडीत आली होती, आजीच्या लहानपणी, आणि आजीच्या आईने उघाडीची फळी वर धरली म्हणून तिला आत जाता आलं. सिनेमा होता हे ऐकून भूमिकाला नवल वाटलं. प्रविणलाही आठवेना. सहा-सात सिनेमांच्या मारामाऱ्या एका कॅसेटवर होत्या, त्यातली एकही त्या घरात उरली नव्हती. आणि ही उरली होती. गोष्टीत मीसुद्धा नव्हते. मला बरं वाटलं, आणि येताना बसमध्ये फार एकटं वाटलं. दोन्ही खरं आहे.

सबब मी पुढीलप्रमाणे ठरवते.

(अ) गोष्ट ध्रुवच्या स्टुडिओला देण्याच्या कागदावर मी काल सही केली आहे. येत्या रविवारी मी तो ध्रुवच्या हातात देईन. त्याआधी मला काही झालं तर टीव्हीच्या टेबलाच्या खणातून त्याने तो घ्यावा.

(आ) बांध मोडायला माझी हरकत नाही. चांगला दणकून मोडावा. लोकांनी पाय वर घ्यावेत. पण तिने तो रागाने मोडू नये.

(इ) शेवट गोदूबाईचा आहे. मी कागदाच्या तळाशी स्वतःच्या अक्षरात एक ओळ जोडली आहे की गोष्टीचा शेवट भूमिका प्रविण पाटील हिच्या संमतीशिवाय कोणीही बदलू नये. गोष्टीच्या माझ्या हक्कांपैकी निम्मे ध्रुवचे आणि निम्मे भूमिकाचे. हे वाचून ध्रुवचे साहेब कागद फाडतील अशी शक्यता आहे. तसं झालं तर माझ्यामुळे ध्रुवचं नुकसान होईल, आणि त्याबद्दल मला वाईट वाटतं. तरी ओळ तशीच राहील. तिला पुलाशी मारणाऱ्या कागदावर मी सही करू शकत नाही.

(ई) सही मिळाल्यावर ध्रुववर माझ्याकडे येण्याचं कोणतंही बंधन नाही. हे मी कायद्याच्या भाषेत मुद्दाम लिहिते, म्हणजे माझ्या लक्षात राहील.

कलम ७. अंत्यविधी. जे सोपं असेल ते करावं. माझ्याबद्दल कोणी भाषण करू नये. मला दुरुस्त करता येणार नाही.

कलम ८. या मृत्युपत्राची अंमलबजावणी अॅड. अमोल वैद्य यांनी करावी. यापूर्वी मी कोणतंही मृत्युपत्र केलेलं नाही. वरील सर्व मजकूर मी लिहिला, दोनदा वाचला, शुद्धलेखन तपासलं, आणि खालील साक्षीदारांच्या समक्ष त्यावर सही केली. त्यांनीही माझ्या समक्ष आपल्या सह्या केल्या.

ठिकाण: रामवाडी, पेण
दिनांक: १२ नोव्हेंबर २०२५

सही: लतिका दामोदर गुप्ते

साक्षीदार:
१. दत्तात्रेय नथुराम म्हात्रे, रा. रामवाडी, पेण
२. स्पृहा मिलिंद कर्णिक, रा. पेण

पुरवणी

वरील मृत्युपत्राला जोडून, शुद्धीवर असताना, मी लतिका दामोदर गुप्ते पुढील मजकूर लिहिते.

ठरल्याप्रमाणे १६ तारखेला मी ध्रुवला कागद दिला. त्याने तळाची ओळ उभ्याउभ्या वाचली. जेवला आणि गेला. त्यानंतरचे तीनही रविवार तो आला नाही. मी तिन्ही वेळा दोघांचा स्वयंपाक केला आणि सोमवारी शिळं खाल्लं. वकील गेल्या रविवारी इथून जाताना डोकावले. टेबलावरची दोन ताटं बघून त्यांनी, फार हळुवारपणे, विचारलं की कलम २ मध्ये काही बदल करायचा आहे का. नाही. घर ध्रुवचंच आहे. अट नाही असं लिहिलं होतं, तेव्हा अट नाही.

काल दुपारी ध्रुवचा फोन आला. साहेब अजून हो म्हणालेले नाहीत, चिडले आहेत. कागद फाडलेला नाही. ध्रुव म्हणाला की तो कामाचे तास संपल्यावर एकटा बसून तिला बारीक करून बघतो आहे, ती उघाडीच्या तोंडाशी येईपर्यंत जमतं, आत जाताना जमत नाही. रविवारीही तेच करत होता. मग त्याने मला एक प्रश्न विचारला, जो वखारीतल्या एकाही माणसाने, गोदूबाईनेसुद्धा, कधी विचारला नव्हता.

"आत्या, आत गेल्यावर ती काय करते?"

मी त्याला सांगितलं की हे फोनवर सांगण्यासारखं नाही, रविवारी ये. तो येतो म्हणाला.

आत गेल्यावर ती काय करते हे मला ठाऊक नाही. आज गुरुवार आहे. रविवारपर्यंत मी विचार करणार आहे. बाकी मृत्युपत्र कायम.

ठिकाण: रामवाडी, पेण
दिनांक: ११ डिसेंबर २०२५

सही: लतिका दामोदर गुप्ते

साक्षीदार: वरीलप्रमाणे, दोघेही हजर